योजना ताटापर्यंत पोहोचते का? गावपातळीवर संस्थांची तपासणी कशी करावी

रेशनचा तांदूळ तोच, कायदा तोच आणि माणशी पाच किलोचा हिशोबही तोच. तरीही आषाढ-श्रावणात एका पाड्यावर दोन्ही वेळा चूल पेटते आणि डोंगरापलीकडच्या पाड्यावर ती जेमतेम एकदा पेटते. याचे कारण शोधायला निघालेला माणूस बहुधा योजनेचा शासन निर्णय आधी उघडतो आणि तिथेच अडकतो. शासन निर्णय दोन्ही पाड्यांना एकच असतो. फरक असतो तो धान्य आणि ताट यांच्यामध्ये उभ्या असलेल्या संस्थांत: यादी कोण करते, दुकान कोणाच्या हातात आहे, नोंदवही कोणाला पाहायला मिळते आणि चूक झाली तर तिचे उत्तर कोणाला द्यावे लागते. ही तपासणी एका गावापुरती, आठ-दहा दिवसांत आणि दोन-तीन माणसांच्या बळावर कशी करावी, हे येथे सांगितले आहे. ग्रामपंचायत सदस्य, बचतगटातल्या महिला, समाजकार्याचे विद्यार्थी आणि तालुक्याच्या ठिकाणी काम करणारे पत्रकार यांना ती करता येते. पालघर, नंदुरबार, मेळघाट यांसारखे आदिवासी भाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिले असले, तरी पद्धत कोणत्याही गावाला लागू पडते.

संस्था बदलली की परिणाम बदलतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या शेजारच्याच राज्यात आहे. छत्तीसगड सरकारने २००४ मध्ये रेशन दुकाने खाजगी दुकानदारांकडून काढून घेऊन ती ग्रामपंचायती, बचतगट आणि सहकारी संस्थांकडे सोपवली. पुढे दुकानदारीचे कमिशन वाढवले, धान्य दुकानाच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी सरकारने घेतली आणि याद्या भिंतींवर रंगवल्या. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशोबानुसार २००४-०५ मध्ये तेथील जवळपास निम्मे धान्य वाटेत गळत होते, तर २००९-१० मध्ये ते प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आले. केंद्राकडून येणारा तांदूळ काही निराळा नव्हता. तो ज्या हातांतून जात होता, ते हात बदलले आणि त्या हातांना हिशोब विचारण्याची सोय झाली.

सुरुवात चुलीपासून

तपासणी कार्यालयातून सुरू करू नये, घरातून सुरू करावी. दोन पाडे निवडावेत. एक रस्त्यालगतचा आणि एक आतला असावा, आणि दोन्ही शक्यतो एकाच रेशन दुकानाला किंवा एकाच ग्रामपंचायतीला जोडलेले असावेत. प्रत्येक पाड्यात पंधरा ते वीस घरे घ्यावीत. ती निवडताना सरपंचाने किंवा अंगणवाडी सेविकेने दाखवलेली घरे न घेता पाड्याच्या एका टोकापासून सुरुवात करून ठरावीक अंतराने, म्हणजे दर तिसरे किंवा दर चौथे घर घ्यावे. पाड्याबाहेर, शेतावर एकटी राहणारी घरे हमखास सुटतात आणि तिथेच गरज मोठी असते, म्हणून त्यांतली दोन-तीन आवर्जून धरावीत.

घरात गेल्यावर पहिला प्रश्न खाण्याचा असावा. योजनेचे नाव आधी निघाले की समोरची बाई आपण काही देणार आहोत किंवा काही काढून घेणार आहोत अशा समजुतीने उत्तर देते, आणि त्यात तिची काही चूक नसते. काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तिने काय काय खाल्ले, एवढेच विचारावे आणि ते दहा अन्नगटांत मांडावे: धान्य व कंदमुळे, डाळी व कडधान्ये, शेंगदाणे, तीळ यांसारखे दाणे, दूध व दुधाचे पदार्थ, मांस-मासळी, अंडी, हिरव्या पालेभाज्या, भोपळा, गाजर, आंबा, पपई अशी पिवळी-केशरी फळे-भाज्या, इतर भाज्या, इतर फळे. १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रीच्या आहारात दिवसाकाठी यांतले किमान पाच गट असावेत, हा जगभर वापरला जाणारा निकष आहे. चमचाभरापेक्षा कमी, केवळ तोंडी लावण्यापुरता घेतलेला पदार्थ मोजू नये.

येथे एक काळजी घ्यावी लागते. ‘भाजी होती का?’ असे विचारले तर पुष्कळ घरांतून ‘नाही’ असे उत्तर येते, कारण भाजी म्हणजे बाजारातून आणलेली भाजी असा अर्थ घेतला जातो. टाकळा, कुरडू, शेवळी या रानभाज्या, ओढ्यातले खेकडे आणि शेतातली मासळी यांच्याबद्दल नावे घेऊन स्वतंत्र विचारावे. पावसाळ्यात आदिवासी घराचे पोषण बऱ्याच अंशी याच गोष्टींवर चालते. जंगलात जाण्याचा हक्क हीसुद्धा अन्नसुरक्षेची एक संस्थाच आहे, म्हणून वनहक्क कायद्याखालचा सामूहिक दावा मंजूर झाला आहे की नाही, याची नोंद याच पानावर करून ठेवावी.

घरात सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल असेल तर अंगणवाडीतल्या पट्टीने त्याचा दंडघेर मोजता येतो. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल अतितीव्र कुपोषित, म्हणजे सेविकांच्या भाषेत ‘सॅम’, आणि ११.५ ते १२.५ सेंटिमीटरच्या दरम्यान असेल तर मध्यम कुपोषित, म्हणजे ‘मॅम’. असे मूल आढळल्यास तपासणी बाजूला ठेवून त्याच दिवशी सेविकेला आणि आशाताईला कळवावे. मोजमाप शिकून घेतल्याशिवाय पट्टीला हात लावू नये.

यादी आणि इष्टांक

त्यानंतर घरातल्या माणसांची संख्या आणि शिधापत्रिकेवरची संख्या शेजारी-शेजारी लिहावी. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त माहिती या दोन आकड्यांच्या फरकातून मिळते.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. राज्याच्या ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के आणि शहरी भागातील ४५.३४ टक्के लोकसंख्या त्यात येते, म्हणजे साधारण ७ कोटी माणसे. ही संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. तिची जिल्हावार, तालुकावार आणि दुकानवार वाटणी म्हणजेच पुरवठा शाखेच्या बोलीतला ‘इष्टांक’. त्यानंतर गावात जन्मलेली मुले आणि वेगळी झालेली घरे या इष्टांकात आपोआप बसत नाहीत. एखाद्या पात्र कुटुंबाला ‘इष्टांक शिल्लक नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा कारकून बहुधा खरेच बोलत असतो. अशा वेळी दोष त्याच्या माथी न मारता, मृत व्यक्तींची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावे यादीतून शेवटची कधी कमी केली, याची विचारणा करावी. जागा तिथूनच निघते.

ग्रामीण भागासाठी वार्षिक ४४,००० रुपये आणि शहरी भागासाठी ५९,००० रुपये ही प्राधान्य कुटुंबाची उत्पन्न मर्यादा राज्याने ठरवली. एवढ्या उत्पन्नाच्या आत बसणारे पण केशरी कार्डावर धान्य न मिळणारे घर आढळले, तर ते नावानिशी नोंदवावे. अंत्योदय कार्डाचा हिशोब वेगळा करावा. अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो मिळतात, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. त्यामुळे सातपेक्षा जास्त माणसांच्या अंत्योदय घराला प्राधान्य घरापेक्षा कमी धान्य मिळते. नऊ माणसांच्या घरात महिन्याला दहा किलोंचा फरक पडतो, म्हणजे ‘सर्वांत गरीब’ असा शिक्का बसलेलेच घर मागे राहते. इथे गळती नाही आणि चोरीही नाही, नियमाची रचनाच तशी आहे. अहवालात हे स्वतंत्रपणे लिहायला हवे.

नवविवाहितेकडे मात्र खास लक्ष द्यावे. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय सासरच्या कार्डावर नाव चढत नाही. मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावर मी एका घरात बसलो होतो. सासूने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कार्ड काढले आणि आमच्यासमोर उलगडले. त्यावर पाच नावे होती, घरात माणसे सहा होती आणि सहावी, सात महिन्यांची गरोदर सून, दाराशी उभी राहून ऐकत होती. लग्नाला दीड वर्ष झाले होते. माहेरचे नाव कमी झाले होते, सासरचे अजून चढले नव्हते. ज्या काळात तिला अन्नाची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच काळात ती दोन तालुक्यांच्या दोन यादींमधून बाहेर होती. अशी किती नावे मध्येच लटकली आहेत ते प्रत्येक पाड्यात मोजावे. हा आकडा कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडत नाही.

दुकान: नियतन, उचल, वाटप

दुकानाची तपासणी तीन शब्दांभोवती फिरते. महिन्याला दुकानासाठी किती धान्य मंजूर झाले ते नियतन, गोदामातून प्रत्यक्षात किती निघाले ती उचल आणि कार्डधारकांना किती दिले ते वाटप. तिन्ही आकडे वेगवेगळ्या ठिकाणाहून घ्यावेत. पहिले दोन तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतून किंवा खात्याच्या संकेतस्थळावरून मिळतात, तिसरा मात्र घरोघरी जाऊन स्वतः गोळा करावा. कायद्याच्या कलम २७ नुसार वितरणाच्या नोंदी लोकांना पाहण्यासाठी खुल्या असतात. नोंदी दाखवायला नकार मिळाल्यास वाद घालत बसू नये, दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा.

घरातले वाटप मोजताना ई-पॉस मशीनची, म्हणजे अंगठा घेऊन वाटप नोंदवणाऱ्या यंत्राची, पावती मागावी. ही पावती उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असते आणि काही महिन्यांत कोरी होते. पुरावा म्हणून ठेवलेली पावती सहा महिन्यांनी ग्रामसभेत पांढरी निघाली, असे आमच्याबाबतीत एकदा घडले आहे. म्हणून पावती हाती पडली की लगेच तिचा फोटो काढावा आणि त्याच ठिकाणी कार्डाचा बारा अंकी क्रमांक व तारीख वहीत लिहावी. पावती मिळतच नसेल, तर त्या क्रमांकावरून त्या महिन्याची नोंद संकेतस्थळावर पाहावी आणि मशीनने दाखवलेले किलो व घरात आलेले किलो यांची तुलना करावी. १ जानेवारी २०२३ पासून या कायद्याखालच्या धान्याला पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणून हमाली, गाडीभाडे, ‘वरचे’ अशा कोणत्याही नावाने काही घेतले जात असेल तर तेही टिपावे.

तूट दिसली की दुकानदाराला चोर ठरवण्याची घाई होते. तसे करू नये. गोदामातून येणारे पोते बारदानासह तोलून दिले जाते की बारदान वजा करून, दुकानदारासमोर वजन होते की फक्त पोती मोजली जातात आणि वाहतूक ठेकेदार दारापर्यंत माल आणतो की फाट्यावर उतरवतो, हे त्यालाच विचारावे. पोत्यामागे वरून दोन किलो कमी आले, तर ते दोन किलो शेवटी कोणाच्या तरी पिशवीतून जाणार, आणि सर्वांत कमी बोलणाऱ्या बाईच्या पिशवीतून जाणार. ज्याला तोलून माल मिळत नाही त्याच्याकडून तोलून वाटपाची अपेक्षा करायची, तर मधल्या वजनाची जबाबदारी कोणाची हे आधी ठरवावे लागते.

मशीनचाही एक दिवस प्रत्यक्ष उभे राहून अनुभव घ्यावा. नेटवर्कसाठी मशीन टेकाडावर नेले जाते का, वीटभट्टीवर किंवा शेतात झिजलेले अंगठे किती वेळा नाकारले जातात, म्हाताऱ्या माणसाला किती फेऱ्या पडल्या आणि त्या फेऱ्यांत किती मजुरी बुडाली, हे सर्व वहीत यावे. अंगठा लागला नाही तर पर्यायी व्यवस्था काय, हे दुकानदाराला माहीत आहे का आणि कार्डधारकाला माहीत आहे का, असे दोघांना वेगवेगळे विचारावे. उत्तरे जुळत नसतील तर ती व्यवस्था अस्तित्वात नाही असेच धरावे.

दुकान बचतगटाचे असेल तर आनंद वाटणे साहजिक आहे. तरी गटाच्या बैठकीचे इतिवृत्त मागावे. फलकावर गटाचे नाव आणि गल्ल्यावर जुन्याच दुकानदाराचा पुतण्या, असा प्रकार असतो. गटातल्या दोन बायकांना गेल्या महिन्याची उचल किती होती ते विचारले की खरे काय ते कळते.

अंगणवाडी आणि पैशांची वेळ

महाराष्ट्रात २०१५ च्या अखेरीस डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस, गरम जेवण मिळावे, हा तिचा गाभा. पुढे बालकांसाठी अंडी व केळी यांची भर पडली. धान्य-भाजीची खरेदी आणि पैशांचा व्यवहार गावातल्या आहार समितीमार्फत होतो, हे या योजनेचे मोठे बळ आहे, कारण स्वयंपाक कोणी केला आणि अंडे कोणाला मिळाले नाही हे पाड्याला लपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत असे बजावले होते, ते याच कारणाने.

मात्र समिती गावची असली तरी पैसे गावचे नसतात. निधीचा हप्ता उशिरा आला की सेविका किराणा दुकानातून उधारीवर माल आणते. उधारी वाढली की दुकानदार हात आखडता घेतो, आणि मग ताटातून आधी अंडे जाते, नंतर भाजी, शेवटी वरण पातळ होते. म्हणून तपासताना तीन गोष्टी एका ओळीत मांडाव्यात: बँक पासबुकात निधी जमा झाल्याच्या तारखा, किराणा दुकानाच्या वहीतल्या उधारीच्या तारखा आणि त्या-त्या आठवड्यात मातांनी सांगितलेले जेवण. या तीन रांगा शेजारी ठेवल्या की ‘सेविका कामचुकार आहे’ हा तालुक्यात सहज केला जाणारा आरोप कितपत खरा आहे, ते कोणालाही दिसते. आम्ही पाहिलेल्या एका अंगणवाडीत सेविकेने स्वतःच्या मानधनातून दोन महिने तेल-मीठ भरले होते आणि वहीत तिने ते ‘उसने’ म्हणून लिहून ठेवले होते. कोणाला दिले आणि कोणाकडून परत घ्यायचे, हे मात्र त्यात लिहिलेले नव्हते.

वेळेचा प्रश्न अंगणवाडीपुरता नाही. पावसाळ्यात घरातली नागली-वरई संपलेली असते, भात निसवायला अवकाश असतो आणि मजुरीही नसते. या दिवसांसाठी राज्यात १९७८ पासून खावटी कर्ज योजना होती. ती बंद पडली आणि पुढे खावटी अनुदान म्हणून कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपात, असा निर्णय झाला तो सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे त्या वर्षीचे आषाढ-श्रावण उलटून गेल्यावर. रक्कम योग्य, हेतू योग्य, पण महिना चुकला तर ताटावर परिणाम शून्य. तपासणीत प्रत्येक योजनेपुढे ‘किती मिळाले’ याच्या बरोबरीने ‘कोणत्या महिन्यात मिळाले’ हा रकाना ठेवावाच. रोजगार हमीच्या मजुरीलाही हाच निकष लावावा. १९७२ च्या दुष्काळाने हेच शिकवले होते. त्या काळात, १९७३ च्या मे महिन्यात, सरकारी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. धान्याची टंचाई भीषण असूनही हातात वेळेवर मजुरी आल्याने मोठा भूकबळींचा अनर्थ टळला, आणि त्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा उभा राहिला.

दिवाळीनंतर स्थलांतर करणाऱ्या घरांची वेगळी यादी करावी. कार्ड कोणत्याही दुकानात चालते हा नियम चांगला आहे. पण वीटभट्टीजवळच्या दुकानदाराकडे स्थानिक कार्डांपुरताच साठा असेल, तर तो बाहेरच्याला ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो. भट्टीवर जाऊन किती घरांनी प्रत्यक्ष धान्य उचलले ते विचारावे आणि मुलांना तिथल्या अंगणवाडीने दाखल करून घेतले का, तेही पाहावे.

कागदावरच्या समित्या

अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २९ प्रमाणे रेशन दुकानाच्या पातळीवर दक्षता समिती असते आणि तीत महिला, अनुसूचित जाती-जमाती व निराधार किंवा दिव्यांग व्यक्ती यांना प्रतिनिधित्व असावे लागते. समितीची यादी मिळवावी आणि त्या यादीतल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारावा: शेवटची बैठक कधी झाली? पुष्कळदा ‘मी समितीत आहे?’ असा उलट प्रश्न येतो. तसे झाल्यास त्या सदस्याला खजील करू नये. त्याला यादी दाखवावी, अधिकार समजावून सांगावेत आणि पुढच्या धान्यवाटपाच्या दिवशी दुकानात सोबत न्यावे. तपासणीचा सर्वांत टिकाऊ उपयोग मला येथेच झालेला दिसला आहे.

ग्रामसभेपुढे मांडताना

निष्कर्ष लिहिताना ‘योजना अपयशी’ असे वाक्य टाळावे. प्रत्येक तुटीपुढे ती कोठे तुटली ते लिहावे: नियमातच, यादीत, वाहतुकीत, दुकानात, निधीच्या वेळेत की तक्रार ऐकण्यात. नियमातली त्रुटी आमदारांकडे आणि खात्याकडे जाईल, यादीतली तहसीलदारांकडे, दुकानातली दक्षता समितीकडे. सगळे एकाच निवेदनात कोंबले तर ते कोणाचेच होत नाही. घरांची नावे व कार्ड क्रमांक त्या घराच्या परवानगीशिवाय जाहीर वाचू नयेत. ज्या बाईने खरे सांगितले तिला पुढच्या महिन्यात त्याच दुकानात पिशवी घेऊन उभे राहायचे असते.

मुख्य ग्रामसभेआधी महिला ग्रामसभेत हे आकडे ठेवावेत, आणि पेसा क्षेत्र, म्हणजे ग्रामसभेला विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याखालचा आदिवासी भाग, असेल तर पाड्याच्या ग्रामसभेत. यादीचे चावडीवाचन त्याच वेळी करून घ्यावे, मृतांची व लटकलेली नावे तिथल्या तिथे ठरावात घ्यावीत. ठरावाची प्रत मिळाल्यावर वैयक्तिक तक्रारी १९६७ या क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक जपून ठेवावा, आणि निकाल न लागल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा. त्याच्या निर्णयावर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते. अधिकाऱ्याने सुचवलेली भरपाई विनाकारण न देणाऱ्या कर्मचाऱ्याला आयोग ५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो. ही तरतूद अर्जात नमूद करावी, धमकीच्या सुरात मात्र नव्हे.

तीन महिन्यांनी त्याच घरांत, त्याच क्रमाने, त्याच प्रश्नांची वही घेऊन परत जावे. पहिल्यांदा लटकलेल्या नावांपैकी किती कार्डावर चढली, एवढे एकच पान भरले तरी चालेल. शक्य असेल तर ही दुसरी फेरी श्रावणात येईल अशा बेताने पहिली ठरवावी.